पैसे घेतले नाहीत, मग हितसंबंधांचा प्रश्न येतोच कुठे?

एखाद्या मंत्र्याच्या भावाच्या कंपनीला सरकारी कंत्राट मिळालं की ठरलेलं उत्तर येतं: "एक पैसा घेतल्याचं सिद्ध करा!" आणि बरेच जण तिथेच गप्प होतात. लाच नाही, म्हणजे सगळं स्वच्छ, हा समज फार जुना आहे. आणि चुकीचा.

लाच हा गुन्हा आहे. हितसंबंधांचा संघर्ष ही परिस्थिती आहे. निर्णय घेणाऱ्याचं खासगी हित त्याच्या निर्णयावर अयोग्य प्रभाव पाडू शकत असेल, तर संघर्ष तिथेच सुरू झाला. पैसे हातात पडण्याची गरज नाही. निर्णय गुणवत्तेवर अगदी योग्य ठरला तरीही तो संघर्ष होताच. 'ओईसीडी' या आर्थिक सहकार्य आणि विकासासाठीच्या देशांच्या संघटनेची २००३ची मार्गदर्शक तत्त्वं तर प्रत्यक्ष संघर्षाबरोबर वरवर दिसणारा आणि पुढे संभवणारा संघर्षही धरतात.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण विरोधक ती सोयीनं विसरतात: असा संघर्ष असणं म्हणजे भ्रष्टाचार सिद्ध होणं नव्हे. नातेवाईक, शेअर, जुनी नोकरी कुणाला नसते? दोष लागतो तो लपवण्यात, किंवा माहीत असूनही त्याच फाइलवर सही करण्यात. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या २००३च्या भ्रष्टाचारविरोधी कराराचं आठवं कलम बाहेरची कामं, गुंतवणूक, मालमत्ता, मोठ्या भेटी जाहीर करण्याची व्यवस्था सुचवतं. पण नुसतं जाहीर करून भागत नाही. त्या विषयापुरतं बाजूला व्हायचं आणि निर्णय दुसऱ्यावर सोपवायचा. बैठकीच्या इतिवृत्तात तशी नोंदही हवी.