काकपद नसलेल्या टिपा

“काका, वजनकाट्याच्या फाइलमध्ये तुम्ही आठ सेकंद थांबायला का लावलं होतं?”

“अरे, लिहून ठेवलंय ना तिथेच. बरोब्बर वरच्या ओळीत बघ.”

वरच्या ओळीत काही नव्हतं. म्हणजे एकेकाळी होतं, पण तीन महिन्यांपूर्वी मीच ते घालवलं होतं. आणि घालवलं आहे, हे त्या फोनपर्यंत मला माहीतही नव्हतं.

बडोद्यात मकरपुऱ्याकडे एक कारखाना आहे. फाटकाशी ट्रक तोलायचा काटा, काट्याला जोडलेला संगणक, आणि आकडा स्थिर झाला की पावती छापणारा एक लहानसा प्रोग्रॅम. तो काकांनी बसवला. काका निवृत्त होऊन आता दांडिया बाजारातल्या घरी असतात आणि त्यांचं काम माझ्याकडे आलं आहे. मध्यंतरी सर्व्हर बदलला. प्रत्येक संगणकावर जाऊन पत्ता हाताने कोण बदलणार, म्हणून मी पायथनमध्ये दहा ओळी लिहिल्या: कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइल वाच, पत्ता बदल, फाइल परत लिही. दुपारच्या चहाआधी काम संपलं.

फाइल यॅमल पद्धतीची होती, म्हणजे ओळीओळीने ‘नाव: किंमत’ अशी मांडलेली. तिचा एक तुकडा असा होता. (मूळ फाइलमध्ये नावं आणि आकडे अर्थातच इंग्रजी होते, टिपा, म्हणजे # च्या पुढचा माणसांसाठीचा मजकूर, मात्र काकांच्या खास मराठीत.)

# ---- फाटक ----
पाळी_सुरू: ६:३०
परवानगी: ०७५०

# ८ च्या खाली आणू नका. टँकर असेल तर
# आतला माल हिंदकळतो, आकडा लवकर थांबत नाही.
काटा_थांबा: ८
सर्व्हर: जुना   # मार्चनंतर बदलणार

माझ्या दहा ओळींनंतर ती अशी झाली:

काटा_थांबा: ८
परवानगी: ४८८
पाळी_सुरू: ३९०
सर्व्हर: नवा

टिपा गेल्या, मोकळी ओळ गेली, नावं वर्णक्रमाने लागली. साडेसहाचे ३९० झाले, कारण यॅमलच्या जुन्या १.१ आवृत्तीत ६:३० हा साठच्या पटीतला आकडा धरला जातो: सहा साठं तीनशे साठ, अधिक तीस. शून्याने सुरू होणारा ०७५० हा अष्टमान पद्धतीतला. दशमानात तो ४८८. (२००९ मध्ये आलेल्या १.२ आवृत्तीने हे दोन्ही प्रकार काढून टाकले, पण जुन्या नियमाने वाचणारी लायब्ररी, म्हणजे आयता प्रोग्रॅम-संच, अजून घरोघरी आहे.) गंमत अशी, की प्रोग्रॅमच्या दृष्टीने काहीच बिघडलं नव्हतं. तो पूर्वीही ३९० आणि ४८८ हेच वाचत होता. म्हणून तर सगळं सुरळीत चाललं आणि मला शंकाही आली नाही.

शंका आली ती पावसाळ्यात. फाटकावर ट्रकांची रांग लागते अशी कुरकूर सुरू झाली. मी फाइल उघडली, ‘थांबा: ८’ दिसलं, एवढं कशाला म्हणून ३ केलं. पुढचे पंधरा दिवस टँकरची वजनं जुळेनात. तोच टँकर, तोच माल, दोनदा तोलला तर दोन वजनं. मग काकांना फोन.

फाइल वाचणारा प्रोग्रॅम असं का करतो, हे समजायला त्याच्या वाचण्याची तऱ्हा बघावी लागते. सुरुवातीला तो अक्षरांचे तुकडे पाडतो: हे नाव, हा विसर्गासारखा दोन ठिपक्यांचा विभाजक, हा आकडा. मग या तुकड्यांचं झाड उभं करतो: कोण कोणाच्या पोटात, कोणती किंमत कोणत्या नावाची. टिपा आणि मोकळ्या जागा पहिल्याच पायरीवर चाळणीतून खाली पडतात. हा आळस नव्हे, शिस्त आहे. १९५७ च्या फोरट्रानमध्ये पंच केलेल्या कार्डाच्या पहिल्या रकान्यात ‘सी’ असलं की ते कार्ड माणसासाठी. यंत्राने त्यातून काही करायचं नाही. तीच रीत आजवर चालत आली. कामापुरता अर्थ काढायचा असेल तर ती योग्यच आहे. गडबड होते ती त्याच झाडावरून फाइल पुन्हा लिहून काढताना. झाडात जे नाही ते फाइलमध्ये उतरणार कुठून? पदार्थ चाखून कृती लिहून काढावी तसं ते असतं. चव बरीचशी जुळेल, पण ‘आच मंद ठेवा, नाहीतर करपेल’ ही ओळ त्यात येणार नाही.

जेसन या माहिती लिहिण्याच्या दुसऱ्या पद्धतीत तर टिपांना मुळात जागाच नाही. ती रचणाऱ्या डग्लस क्रॉकफर्ड यांनी टिपा काढून टाकल्या, कारण लोक टिपांमध्ये पार्सरला (फाइल वाचणाऱ्या प्रोग्रॅमला) द्यायच्या सूचना भरू लागले होते आणि मग एकाची फाइल दुसऱ्याला वाचता आली नसती. कारण पटण्यासारखं आहे. तरी लोक ‘_टीप’ नावाची खोटी नोंद करून हवं ते लिहितातच. टॉमल ही २०१३ मध्ये आलेली पद्धत माणसांना वाचायला सोपी, तिच्यात टिपा आहेत. पण २०२२ च्या पायथन ३.११ मध्ये टॉमलसाठी जी सोय आली ती फक्त वाचण्याची, लिहिण्याची नाही. लिहायचं म्हटलं की मांडणी कशी ठेवायची, टिपा कशा राखायच्या, हे सगळे वाद दारात उभे राहतात. त्यांत न पडण्याचा हा शहाणपणा.

यावर एक उपाय म्हणजे चाळणीच काढून टाकणं. झाड असं बांधायचं की फाइलमधलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक स्पेस, प्रत्येक टीप त्याच्या कुठल्या ना कुठल्या पानावर असेल, आणि सगळी पानं डावीकडून उजवीकडे वाचली की मूळ फाइल जशीच्या तशी, बाइटला बाइट, परत मिळेल. मायक्रोसॉफ्टच्या ‘रोझलिन’ या सी-शार्प भाषेच्या कंपायलरमध्ये (लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या साधनात) असंच झाड आहे. तिथे टिपा आणि मोकळ्या जागांना ‘ट्रिव्हिया’ म्हणतात, म्हणजे किरकोळ गोष्टी. आमच्या टँकरच्या टिपेला किरकोळ म्हटलेलं काकांना आवडणार नाही, पण जपणूक उत्तम होते. रस्ट भाषेतल्या प्रोग्रॅमची जुळवाजुळव करणारा ‘कार्गो’ तुमच्या टॉमल फाइलमध्ये नवी नोंद घालतो तेव्हा बाकीची फाइल हलत नाही, तीही अशाच मांडणी राखणाऱ्या लायब्ररीच्या जोरावर.

इथे मला वाटलं होतं की प्रश्न सुटला. प्रश्न इथून सुरू होतो.

टीप जपणं सोपं आहे. ती कुणाची हे ठरवणं कठीण. वरच्या तुकड्यात ‘फाटक’ ही टीप ‘पाळी_सुरू’ची आहे की खालच्या अख्ख्या गटाची? ‘पाळी_सुरू’ काढून टाकलं तर तिने जायचं की राहायचं? माणूस क्षणात सांगेल. यंत्राला मात्र लग्नात दोन खुर्च्यांच्या रांगांमध्ये बसलेल्या पाहुण्यासारखं वाटतं: मुलाकडचा की मुलीकडचा?

रोझलिनचा नियम सरळ आहे. तुकड्यानंतर त्याच ओळीत जे काही येईल ते आधीच्या तुकड्याचं, बाकी सगळं पुढच्याचं. हा नियम बहुतेक वेळा बरोबर ठरतो. यॅमलच्या टिपा जपणारी जी लायब्ररी मी नंतर घेतली, तिचा रिवाज उलटा निघाला: टीप आधी येऊन गेलेल्या नोंदीला चिकटवायची. मी एका गटातली शेवटची जुनी नोंद काढली आणि तिच्याबरोबर पुढच्या गटाचं शीर्षक नाहीसं झालं. टिपा जपणाऱ्या साधनाने टीप घालवली, आणि त्याच्या नियमाप्रमाणे त्याचं काही चुकलं नव्हतं.

फाइलमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या ‘गिट’ने इथे दाखवलेली सावधगिरी मला फार आवडते. गिटच्या कॉन्फिग फाइलमधल्या एखाद्या गटातली शेवटची नोंद काढली की खाली नुसतं गटाचं शीर्षक उरायचं. वर्षानुवर्षं ते रिकामं शीर्षक तसंच पडून राहायचं आणि लोक वैतागायचे. २०१८ मध्ये ते साफ करायची सोय झाली, पण एका अटीवर: आजूबाजूला टीप असेल तर शीर्षकाला हात लावायचा नाही. न जाणो, ती टीप त्याच गटाबद्दल असेल. कळत नसेल तर हात लावू नये, एवढं भान किती प्रोग्रॅमना असतं?

हा पेच संगणकाच्या फार आधीचा आहे, आणि तो बडोद्याला चांगला ठाऊक आहे. १९२७ मध्ये स्थापन झालेल्या इथल्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती काढली, १९६० ते १९७५ या काळात, सात खंडांत. ठिकठिकाणच्या पोथ्या ओळीला ओळ लावून ताडायच्या, कुठला पाठ मूळचा आणि कुठला मागाहून शिरलेला ते ठरवायचं. पाठ शिरण्याची एक वाट समासातून जाते. कुणी वाचकाने समासात अर्थ लिहून ठेवला, पुढच्या लेखकाने नक्कल करताना तो सुटलेला मजकूर समजून ओळीत घेतला, की प्रक्षेप तयार. दुसऱ्याने तो फालतू समजून गाळला, की टीप कायमची गेली. खरोखर सुटलेला मजकूर समासात लिहिताना मात्र जुने लेखनिक ओळीत नेमक्या जागी एक खूण करत, कावळ्याच्या पावलासारखी, म्हणून तिचं नाव काकपद. शेजारी कितवी ओळ तो आकडाही बऱ्याचदा असे. म्हणजे टिपेचा मालक कोण, हे टिपेबरोबरच लिहिलेलं. आपल्या कॉन्फिग फाइलमधल्या टिपांना काकपद नसतं. सगळी मालकी शेजारावरून ओळखायची.

म्हणून झाडाच्या भानगडीत न पडणारा दुसरा रस्ताही लोक घेतात. फाइल पुन्हा लिहायचीच नाही. पार्सरला फक्त विचारायचं, सर्व्हरची किंमत फाइलमध्ये कितव्या जागेपासून कितव्या जागेपर्यंत आहे. तेवढाच तुकडा कापून नवा बसवायचा. व्हीएस कोड हा एडिटर आपल्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये असाच बदल करतो. शिवणकामातल्या ठिगळासारखं हे काम आहे, बाकीच्या कापडाला कात्री लागत नाही. एकच आकडा बदलायचा असेल तर मी आता डोळे मिटून हेच करतो.

पण जागा मोजायची कशात? ‘टँकर’ हा शब्द घ्या. डोळ्यांना तीन अक्षरं. युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या सामायिक यादीच्या, हिशेबात चार चिन्हं, कारण चंद्रबिंदू वेगळा धरला जातो. फाइलमध्ये यूटीएफ-८ या साठवणीच्या रूपात प्रत्येक चिन्हाला तीन याप्रमाणे बारा बाइट. वाचणारा बाइट मोजत असेल आणि कापणारा चिन्हं मोजत असेल, तर कात्री भलतीकडेच चालते. टिपा इंग्रजीत असतील तर दोन्ही मोजण्या सारख्याच येतात आणि चूक वर्षानुवर्षं दिसत नाही. काकांच्या मराठी टिपेने माझी चूक पहिल्याच धावेत पकडून दिली. (मराठी टिपा एकाखाली एक सरळ रेषेत लावायचा नाद मात्र मी सोडला आहे. एकसारख्या रुंदीच्या फाँटमध्येही देवनागरी ऐकत नाही.)

या सगळ्यामागचं गणितही आहे, आणि ते सुंदर आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले बेंजामिन पिअर्स आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ मध्ये ‘लेन्स’ म्हणजे भिंगाची कल्पना मांडली. भिंगातून फाइलकडे पाहिलं की फक्त कामाच्या किमती दिसतात. त्यांत बदल केला की भिंग तो बदल फाइलमध्ये परत नेतं. खुबी परत नेण्यात आहे: त्या वेळी भिंगाच्या हातात नव्या किमतींबरोबर जुनी फाइलही असते, म्हणून भिंगातून जे दिसलं नव्हतं तेही जागच्या जागी ठेवता येतं. माझ्या दहा ओळींनी जुनी फाइल केव्हाच टाकून दिली होती, चूक तीच. चांगल्या भिंगाने दोन कसोट्या उतरायला हव्यात. काही बदललं नसेल तर फाइल होती तशीच परत यावी. आणि जे लिहिलं ते पुन्हा वाचल्यावर तेच मिळावं. याच विचारातून डेव्हिड लुटरकोर्ट यांचं ‘ऑगियास’ हे साधन आलं. लिनक्सवरच्या नाना तऱ्हांच्या कॉन्फिग फाइलना ते एकेक भिंग लावतं. माझा प्रोग्रॅम पहिल्याच कसोटीत नापास झाला असता. ती घ्यायला दोन मिनिटं लागतात: काही न बदलता फाइल वाचायची, लिहायची आणि दोन्हींची तुलना करायची. ते मी केलं नाही.

जुनी फाइल अखेर एका पेनड्राइव्हवर सापडली. टँकरची टीप जागेवर बसवली, ३ चे पुन्हा ८ केले, पत्ता ठिगळ लावून बदलला. नव्या टिपा मी आता शक्यतो नोंदीच्या ओळीतच लिहितो, शेवटी. तिथे त्यांच्या मालकीबद्दल फारसा वाद होत नाही.

त्या जुन्या फाइलच्या तळाशी एक टीप आहे: ‘# हे तात्पुरतं आहे, दिवाळीनंतर काढणे’. तिच्यावर मोकळी ओळ, तिच्याखाली काहीच नाही. काकांना पुन्हा फोन केला. ते बराच वेळ गप्प राहिले.

“कुठली दिवाळी रे?” त्यांनी मलाच विचारलं.