स्का आणि रेगे: ‘एक’ ऐकू येतो का?

जमैकाचा गायक बॉब मार्ले याचं नाव निघालं की आपण त्या बेटावरच्या सगळ्याच संगीताला रेगे म्हणून मोकळे होतो. पण १९६४च्या सुमारास मार्लेच्या वेलर्स या गटाने जमैकात गाजवलेलं ‘सिमर डाउन’ हे रेगे नाही, स्का आहे, म्हणजे त्याच बेटावरचा आधीचा प्रकार. रेगेचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

गल्लत होते ती गिटारमुळे. ‘एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि’ असं मोठ्याने मोजा. दोन्हीकडे गिटारचा तुटक ठोका ‘आणि’वरच पडतो. कान तिथेच अडकला की फरक हरवतो, म्हणून तो खाली बेसकडे, म्हणजे खर्जातल्या जाड तारांच्या वाद्याकडे न्या. स्कामध्ये बेस दर आकड्याला एक स्वर देत, न थांबता चालत राहतो, आणि लय इतकी चढी असते की पाय आपोआप उचलतात. रेगेत लय उतरते. बेस दोनचार स्वरांची चाल गातो आणि चक्क गप्प बसतो. ड्रम तर ‘एक’ गाळूनच टाकतो. मोठा ड्रम आणि स्नेअर या छोट्या ड्रमच्या कडेवरची काठी एकदम पडते ती ‘दोन’वर, मग ‘चार’वर. याला म्हणतात ‘वन ड्रॉप’. रूपक तालात समेवरच खाली असते, हे ज्यांच्या हातात बसलंय त्यांना ही मजा लगेच कळेल: गाणं त्या जागी येऊन टेकतं, पण तिथे ठोकाच नसतो. सगळं रेगे असं नसतं. ‘स्टेपर्स’ प्रकारात मोठा ड्रम चारही आकड्यांवर पडतो. तरीही बेसचा बोलका, भारदस्त आवाज तुम्हाला चुकू देत नाही.

स्का घडलं १९५०च्या दशकाच्या अखेरीस, किंग्स्टनमध्ये. तिथे रस्त्यावर, अंगणात भल्यामोठ्या स्पीकरचे ‘साउंड सिस्टिम’ लागायचे. आधी अमेरिकन रेकॉर्ड वाजायच्या, मग ड्यूक रीड आणि कॉक्सन डॉड यांच्यासारखे चालक स्वतःच रेकॉर्डिंग करू लागले. वादक जॅझमध्ये मुरलेले. स्काटलाइट्स या बँडमधले डॉन ड्रमंड, टॉमी मकूक यांच्यासारखे कितीतरी जण कॅथलिक नन चालवत असलेल्या अल्फा शाळेत शिकलेले. गरिबाघरच्या मुलांच्या हाती त्या शाळेने ट्रम्पेट-ट्रॉम्बोन दिले, हे मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वाटतं. ६ ऑगस्ट १९६२ला जमैका स्वतंत्र झाला तेव्हा हवेत हेच संगीत होतं. अशा नाचाच्या रात्री खायला असायचं करी गोट, म्हणजे बोकडाच्या मटणाचा हळदीने पिवळा झालेला रस्सा. हा मसाला बेटावर रुजवला तो १८४५पासून उसाच्या मळ्यांवर नेलेल्या भारतीय गिरमिटियांनी, म्हणजे करारबद्ध मजुरांनी.

१९६६च्या आसपास लय मंदावली. ट्रम्पेट-ट्रॉम्बोन मागे पडले, मोठ्या उभ्या बेसच्या जागी इलेक्ट्रिक बेस पुढे आला. हा मधला टप्पा म्हणजे रॉकस्टेडी. दोनच वर्षांत, १९६८ला, मेटल्स या गटाच्या ‘डू द रेगे’ या गाण्याने नव्या चालीचं नाव रेकॉर्डवर आणलं. त्यात रास्ताफारी या जमैकातल्या धार्मिक पंथाच्या लोकांच्या ढोलांचा ठेका आणि त्यांचा विचार मुरत गेला. त्यांचं जेवणही वेगळं. त्याला ‘आयटल’ म्हणतात: भाज्या, कंद, शेंगदाणे नाहीतर कडधान्यं, नारळाच्या दुधात शिजवलेली. मांस नाही, आणि कडक पाळणारे मीठही घालत नाहीत. म्हणून करी गोट मागे पडलं असं मात्र नाही, ते आजही लग्नाकार्यात शिजतंच.

आणखी एक घोटाळा इंग्लंडने केला. १९७९च्या सुमारास कव्हेंट्रीच्या स्पेशल्ससारख्या बँडनी स्का पुन्हा गाजवलं, त्यामुळे स्का हे रेगेला वेग देऊन बनवलंय असं पुष्कळांना वाटतं. क्रम नेमका उलटा आहे.

आज संध्याकाळी ‘सिमर डाउन’ लावा आणि पाठोपाठ मार्लेचंच १९७९चं ‘वन ड्रॉप’. दोन्हींवर बोटांनी मोजत राहा. बेस तुमच्या दर आकड्याबरोबर चालतो की मधेच गप्प बसतो, तेवढंच ऐका.