कप्पीची खाच आणि पोर्टस्मथची यंत्रे

एकसारख्या वस्तूंचे यंत्राने घाऊक उत्पादन हेन्री फोर्डच्या मोटारींपासून सुरू झाले, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात त्याच्या शंभर वर्षे आधी इंग्लंडमधील पोर्टस्मथच्या नाविक गोदीत यंत्रे लाकडी कप्प्या घडवीत होती. शिडांवर चालणाऱ्या, ७४ तोफांच्या एका युद्धनौकेला दोर ओढण्यासाठी अशा सुमारे १,००० कप्प्या लागत.

ही योजना फ्रान्समधून परागंदा झालेल्या मार्क ब्रुनेलची. नौदलाला कप्प्या पुरवणाऱ्या साउदॅम्प्टनच्या टेलर यांना त्याने ती आधी दाखवली, पण आपल्या पद्धतीत सुधारणेला जागाच नाही, असे त्यांचे मत पडले. पुढे नौदलाचे अधिकारी सॅम्युएल बेन्थॅम यांनी, ज्यांनी स्वतः १७९३ साली लाकूडकामाच्या यंत्रांचे पेटंट घेतले होते, ती उचलून धरली, आणि १८०२पासून लंडनच्या हेन्री मॉडस्ली या यंत्रकाराने सुमारे ४५ यंत्रे बांधून दिली.

या सर्वांत मला सर्वांत देखणे वाटते ते खाच पाडणारे यंत्र. कप्पीचे चाक बसण्यासाठी एल्म नावाच्या झाडाच्या लाकडी ठोकळ्यात आरपार लांबट खाच लागते. आधी दुसरे यंत्र तिच्या एका टोकाला भोक पाडून देई. मग वाफेच्या इंजिनावर फिरणाऱ्या भुजेमुळे पटाशी सरळ खाली-वर होई आणि प्रत्येक घावाला त्या भोकाची कड थोडी तासली जाई. खरी मेख ठोकळा पुढे सरकवण्यात होती: पटाशी लाकडाबाहेर असतानाच दातेरी चाक एक दात फिरे आणि ठोकळा एका तासणीइतकाच पुढे जाई. पटाशी आत असताना तो हलला असता, तर धार तुटली असती किंवा खाच तिरपी झाली असती. ठरलेली लांबी पूर्ण होताच सरकणे आपोआप थांबे. हातोडा किती जोरात मारायचा आणि कुठे थांबायचे, हे सुताराचे ज्ञान अशा रीतीने चाकांच्या रचनेत उतरले होते. लोखंडी सांगाडा हादऱ्यांनी हलत नसल्यामुळे पहिली खाच आणि हजारावी खाच सारखीच येई.

१८०८ साली येथे सुमारे १,३०,००० कप्प्या तयार झाल्या. ११० कुशल कारागिरांचे काम १० अकुशल माणसे करू लागली. एकाच प्रतिभावंताने जग बदलल्याच्या कथा आजही उत्साहाने पसरवल्या जातात, पण येथे कल्पना एकाची, पाठबळ दुसऱ्याचे आणि धातूतली अचूकता तिसऱ्याची होती. यांतील काही यंत्रे विसाव्या शतकातही चालत होती, आणि काही आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहेत.