दैवी दयेचे बायबल-चिंतन

कॅथलिक परंपरेतील एक प्रार्थनापद्धती. देवाच्या दयेविषयीचा बायबलमधील छोटा उतारा संथपणे, पुन्हापुन्हा वाचायचा, त्यातला एखादा शब्द मनात घोळवायचा आणि त्याच शब्दातून प्रार्थनेला लागायचे, असे तिचे स्वरूप. मठांमध्ये ती ‘लेक्सिओ दिव्हिना’, म्हणजे पवित्र वाचन, या लॅटिन नावाने रुजली. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत अशा वाचनासाठी दिवसाचे तास राखून ठेवलेले आहेत. बाराव्या शतकात कार्थुसियन या संन्यासी संघाचा मठाधिपती दुसरा ग्वीगो याने वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान या चार पायऱ्या मांडल्या. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २०१० मध्ये या चिंतनाचा शेवट कृतीत व्हावा याची आठवण करून दिली.

‘दया’ हा शब्द इथे तोकडा पडतो. बोलीभाषेत दया येते ती वरच्याला खालच्याची, आणि तिची कीव व्हायला वेळ लागत नाही. जुन्या करारातला हिब्रू ‘हेसेद’ म्हणजे करारातली निष्ठा, समोरच्याने मोडला तरी आपण न मोडलेला शब्द. दुसरा शब्द ‘रहमीम’. त्याचे नाते गर्भाशयाच्या ‘रेहेम’ या शब्दाशी. नव्या करारातले ग्रीक क्रियापद तर थेट आतड्यांवरून आलेले आहे. आतडे पिळवटणे ही कल्पना मराठीला परकी नाही. लूक १५:२० मध्ये (पंधरावा अध्याय, विसावी ओवी) बाप परतणाऱ्या मुलाला पाहतो; प्रचलित मराठी भाषांतरात तिथे ‘कळवळा’ आला आहे. मूळ शब्दाच्या इतका जवळचा दुसरा शब्द सापडणे अवघड.

चिंतनासाठी नेहमी घेतले जाणारे उतारे थोडेच आहेत: निर्गम ३४:५–७, स्तोत्र ५१, १०३ आणि १३६, होशेय ११, योना ४, मत्तय १८:२१–३५, लूक १५, लूक १८:९–१४, योहान ८:१–११. यातल्या अनेकांचा टोकदार भाग शेवटी आहे, आणि नेमका तोच गाळला जातो. निर्गमातले ‘दयाळू व कृपाळू देव’ हे शब्द लोकांनी सोन्याचे वासरू करून पूजल्याच्या प्रकरणानंतर, मोशेने फोडलेल्या आज्ञांच्या पाट्यांच्या जागी नव्या घडवल्यावर येतात. सहाव्या ओवीवर थांबले की उतारा गोड लागतो. सातवीत मात्र दया हजारो पिढ्यांना आणि अपराधाची झळ तिसऱ्या-चौथ्या पिढीला, असे दोन्ही एका दमात सांगितले आहे. योहान ८ मध्ये व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीला येशू म्हणतो त्या ‘मीही तुला दोषी ठरवत नाही’ याला लागूनच ‘यापुढे पाप करू नकोस’ आहे. कोणी पहिलेच वाक्य उचलतो, कोणी दुसरेच. दोन्ही वाचने अर्धीच. स्तोत्र १३६ च्या सव्वीसही ओव्यांत ‘त्याची दया सनातन आहे’ हे पालुपद आहे. ते उरकून टाकण्याचा मोह होतो, पण पुन्हापुन्हा येणे हेच त्याचे काम आहे.

मत्तय १८ चा दृष्टांत हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही. राजाकडून चाकराला दहा हजार तालांतांचे कर्ज माफ होते. एक तालांत म्हणजे सहा हजार दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज, तेव्हा कर्ज सहा कोटी दीनारांचे. वर्षाला तीनशे दिवस राबले तरी फिटायला दोन लाख वर्षे लागतील. हाच माणूस बाहेर पडून सोबतीची मानगूट धरतो ती शंभर दीनारांसाठी. ही रक्कमही क्षुल्लक नाही, शंभर दिवसांची मजुरी आहे. आपल्याला क्षमा करायची असते ती अशाच खऱ्या, बोचणाऱ्या रकमांची.

लूक १५ मधला उधळ्या पुत्राचा दृष्टांत सर्वांत जास्त वापरला जातो आणि सर्वांत घाईने वाचला जातो. वाट्याची मालमत्ता उधळून डुकरे राखायची पाळी आलेला धाकटा मुलगा तीन वाक्ये पाठ करतो: मी पाप केले आहे, तुमचा पुत्र म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला मोलकऱ्यासारखे ठेवा (ओव्या १८–१९). प्रत्यक्ष भेटीत तो दोनच म्हणतो (२१). तिसरे ओठांवर येण्याआधीच बाप झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगतो. त्याही आधी, मुलगा दूर असतानाच, बाप धावत सुटलेला आहे. चिंतन करणाऱ्याने या न बोललेल्या वाक्यापाशी थांबावे; ‘मी मजूर म्हणून राहीन’ ही सौदेबाजी आपल्या प्रार्थनेत कुठे दडली आहे ते तिथे दिसते. मग थोरला भाऊ. तो ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो (३०), बाप त्याला ‘हा तुझा भाऊ’ असे उत्तर देतो (३२). थोरला घरात गेला की नाही, हे लूकने सांगितलेलेच नाही.

एकट्याने करायचे तर वीस मिनिटे ते अर्धा तास पुरे. उतारा दहा-पंधरा ओव्यांचा असावा. लूक १५ सारखा अध्याय तीन-चार दिवसांत वाटून घ्यावा. पवित्र आत्म्याला आवाहन करून पहिल्यांदा ओठ हलवत वाचावे, म्हणजे डोळे पुढे धावत नाहीत. दुसऱ्या वाचनात अडवणारा शब्द धरावा आणि पाच-सात मिनिटे तोच घोळवावा. तिसऱ्या वाचनानंतर देवाशी बोलावे, मग गप्प राहावे. शेवटी करण्याजोगी एकच गोष्ट ठरवावी, त्याच दिवशी होईल अशी.

बिघडते ते बहुधा दुसऱ्या पायरीवर. संदर्भग्रंथ उघडला की चिंतनाचा अभ्यास होतो. तो आधी किंवा नंतर करावा. ‘हे आमच्या धाकट्याला ऐकवले पाहिजे’ असे वाटू लागले की उतारा दुसऱ्याच्या गळ्यात पडला असे समजावे. मन कोरडे राहिले म्हणून रोज नवा उतारा शोधणे हीही चूकच. त्यापेक्षा तोच उतारा आठवडाभर ठेवावा. क्षमा मिळालेली पापे पुन्हापुन्हा उकरून काढणाऱ्या शंकेखोर मनाला एकट्याने स्तोत्र ५१ घेऊन बसणे जड जाते. अशाने धर्मगुरूंचे मार्गदर्शन घ्यावे. चिंतन हे पापनिवेदनाची तयारी आहे, त्याला पर्याय नाही.

गटात सहा ते दहा माणसे असावीत. दक्षिण आफ्रिकेतील लुम्को संस्थेची सात पायऱ्यांची पद्धत आशियातही पसरली आहे. तिच्यात प्रत्येक जण आवडलेला शब्द नुसता मोठ्याने म्हणतो, मग शांतता, आणि त्यानंतरच अनुभवकथन. तिथे एखाद्याने प्रवचन सुरू केले की गट संपलाच.

उपासनावर्षात या उताऱ्यांच्या जागा ठरलेल्या आहेत. स्तोत्र ५१ दर शुक्रवारच्या प्रातःप्रार्थनेत येते. उधळ्या पुत्राचा दृष्टांत वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातल्या ‘क’ या तिसऱ्या वर्षात, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी वाचला जातो. ईस्टरनंतरचा पहिला रविवार दैवी दयेचा म्हणून पाळावा, असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी ३० एप्रिल २००० रोजी पोलिश धर्मभगिनी फाउस्तिना कोवाल्स्का (१९०५–१९३८) यांना संतपद देताना जाहीर केले. त्या दिवशी दरवर्षी योहान २०:१९–३१ वाचतात: बंद दारे, जखमा दाखवणारा येशू, पापक्षमेचा अधिकार आणि पाहिल्याशिवाय विश्वास न ठेवणारा शिष्य थोमा. फाउस्तिना यांच्या भक्तीतला दयेचा जप नेहमीच्याच जपमाळेवर होतो. तो चिंतनाला जोडून म्हणता येतो, पण दोन्ही एक नव्हेत.

उतारा शोधताना गोंधळ होतो तो आवृत्त्यांमुळे. जुन्या ग्रीक-लॅटिन क्रमानुसार स्तोत्र ५१ हे पन्नासावे आहे, आणि शीर्षक ओवीत मोजले की ओव्यांचे आकडे दोनने सरकतात. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत. प्रोटेस्टंटांच्या ६६ पुस्तकांच्या आवृत्तीत ज्ञानग्रंथ आणि बेनसिरा ही पुस्तके मिळत नाहीत. योनाचे पुस्तक निनवे या शहरातली एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे ‘आणि पुष्कळ गुरेढोरे’ यांची मला दया येऊ नये काय, या देवाने विचारलेल्या प्रश्नावर संपते. त्याच्या जोडीला वाचायची ओवी बेनसिरामध्ये आहे (१८:१३): माणसाची दया शेजाऱ्यापुरती, प्रभूची मात्र सगळ्या जिवांवर.