बहुपुटी अंडाशय संलक्षण (पीसीओएस) : बेळगाव सीमाभागाच्या संदर्भात

बहुपुटी अंडाशय संलक्षण हा स्त्रीच्या जननक्षम वयात आढळणारा अंतःस्रावी आणि चयापचयाचा विकार आहे. पाळी लांबणे किंवा महिनोन्‌महिने न येणे, शरीरात अँड्रोजन या पुरुषी संप्रेरकांचे प्रमाण वाढणे आणि सोनोग्राफीत अंडाशयात अनेक बारीक पुटिका दिसणे ही त्याची तीन मुख्य अंगे. एवढे लांबलचक नाव बोलण्यात कोणी घेत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत ‘पीसीओडी’ एवढेच म्हणतात, तेही आवाज खाली आणून. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातील १० ते १३ टक्के स्त्रियांना हा विकार असतो, आणि त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना आपल्याला तो आहे हेच ठाऊक नसते.

नावाचा घोळ

या विकाराचे नावच दिशाभूल करणारे आहे. सोनोग्राफीत दिसणाऱ्या त्या पुटिका म्हणजे गाठी नव्हेत. दर महिन्याला अंडाशयात काही बीजपुटिका वाढू लागतात, त्यांतली एक पुढे जाऊन फुटते आणि बीज बाहेर पडते. या विकारात ती वाढ मध्येच थांबते आणि २ ते ९ मिलिमीटरच्या अनेक पुटिका कडेने मण्यांसारख्या साचून राहतात. रिपोर्ट हातात पडला की मात्र ‘अंडाशयात गाठी आहेत’ असेच घरी सांगितले जाते, आणि गाठ म्हटले की आपल्या मनात पहिली भीती कॅन्सरची येते. या एका शब्दाने किती आयांची झोप उडवली असेल! अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञगटाने २०१२ मध्येच हे नाव बदलावे अशी शिफारस केली होती. नाव अंडाशयाचे असल्यामुळे लक्ष अंडाशयावर खिळते आणि बाकीचे शरीर नजरेआड होते, हे त्यामागचे एक कारण.

इतिहास पाहिला तरी हेच दिसते. इटालियन वैद्य अँटोनियो व्हॅलिस्नेरी याने १७२१ मध्ये एका तरुण, स्थूल आणि मूल न झालेल्या शेतकरी स्त्रीच्या अंडाशयांचे वर्णन केले होते : कबुतराच्या अंड्याएवढे, पांढुरके, चकचकीत. १९३५ मध्ये शिकागोचे आयर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथाल यांनी सात रुग्णांचा अभ्यास मांडला. अंडाशयाची पाचर कापून काढल्यावर पाळी सुरू होते असे त्यांना आढळले, आणि पुढची अनेक वर्षे हा शस्त्रक्रियेने सोडवायचा प्रश्न मानला गेला. या स्त्रियांच्या रक्तात इन्शुलिनही वाढलेले असते हे १९८० मध्ये पुढे आले, तेव्हा कुठे विचाराची दिशा बदलली.

शरीरात काय घडते

इन्शुलिनचे काम रक्तातली साखर पेशींत पोचवण्याचे. पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड अधिक इन्शुलिन तयार करते. स्नायू आणि यकृत या वाढलेल्या इन्शुलिनकडे काणाडोळा करतात, पण अंडाशय करत नाही. तिथे ते मेंदूतल्या पियूषिका ग्रंथीकडून येणाऱ्या एलएच या संप्रेरकाला साथ देते आणि अंडाशय जास्त अँड्रोजन बनवू लागते. त्याच वेळी यकृतात एसएचबीजी हे प्रथिन कमी तयार होते. ते अँड्रोजनला बांधून ठेवणारे प्रथिन असल्यामुळे रक्तातले मोकळे अँड्रोजन आणखी वाढते. त्यातून हनुवटीवर राठ केस येतात, चेहऱ्यावर मुरमे उठतात, डोक्यावरचे केस विरळ होतात, बीजपुटिकांची वाढ अडते आणि पाळी लांबते. हे चक्र कुठून सुरू होते यावर संशोधकांत अजून एकमत नाही. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आई किंवा बहिणीला हा त्रास असेल तर मुलीला तो होण्याची शक्यता वाढते.

मानेची मागची बाजू, काखा आणि जांघा काळसर, मखमलीसारख्या जाड होणे ही इन्शुलिनला होणाऱ्या या विरोधाची उघडी खूण आहे. आपल्याकडे तिला मळ समजतात. मुलीला ‘मान नीट घासत नाहीस’ म्हणून बोलणी बसतात, दगडाने किंवा घासणीने घासून कातडी सोलवटली जाते. घासून ती जाणार नाही, कारण ती आतून आलेली असते. तालुक्याच्या शाळेतल्या शिक्षिकेने किंवा आशाताईने एवढी एक खूण ओळखली, तरी पुष्कळ मुलींची रक्तशर्करा वेळेवर तपासली जाईल.

‘माझी मुलगी तर बारीक आहे, तिला कसं होईल?’ हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. त्याचे उत्तर पुण्यातल्या कामात सापडते. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. भारतीय बाळ जन्मतः वजनाने कमी असले तरी त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते, हे त्यातून दिसले. तीच ठेवण पुढे राहते. म्हणून भारतीय स्त्रीसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) २३ पासूनच वजन जास्त धरतात आणि कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की सावध होतात. हातपाय काटकुळे आणि पोटाचा घेर मोठा, अशी ठेवण वजनकाट्यावर दिसत नाही. शिंप्याची टेप इथे अधिक खरे बोलते.

निदान

२००३ च्या रॉटरडॅम निकषांनुसार तीन अंगांपैकी दोन असली आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन, अधिवृक्क ग्रंथी यांचे आजार नाहीत अशी खात्री झाली की निदान होते. कोणते निकष लावले यावर आकडे किती हलतात ते भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीत दिसते. १८ ते ४० वयाच्या ९,८२४ स्त्रियांच्या या अभ्यासात रॉटरडॅम निकषांनी प्रमाण १९.६ टक्के भरले, तर १९९० च्या जुन्या, कडक निकषांनी ७.२ टक्के. ‘दर पाचवीला पीसीओडी’ असे वाचताना कोणत्या फूटपट्टीने मोजले हे आधी पाहावे.

किशोरवयात घाई करू नये. पाळी सुरू झाल्यावर पहिले वर्ष ती अनियमित असणे स्वाभाविक असते. त्यानंतर तीन वर्षांपर्यंत २१ ते ४५ दिवसांचे अंतर चालते. पहिल्या पाळीपासून आठ वर्षे होईपर्यंत केवळ सोनोग्राफीवरून निदान करू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, कारण त्या वयात निरोगी अंडाशयही पुटिकांनी भरलेले दिसते. २०२३ च्या सूचनांनी प्रौढ स्त्रियांसाठी सोनोग्राफीऐवजी एएमएच या रक्तचाचणीला मान्यता दिली. अविवाहित मुलींची सोनोग्राफी पोटावरूनच होते आणि ती तुलनेने कमी स्पष्ट असते. त्यांच्यासाठी हा पर्याय पुढे उपयोगी पडेल, मात्र किशोरवयात तोही वापरायचा नाही.

सीमाभागातली भाषा आणि लाज

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी हा मराठी बोलणारा पट्टा कर्नाटकात आला. घरात मराठी, बाजारात दोन्ही आणि सरकारी कागदावर कन्नड, असे इथल्या बाईचे आयुष्य. गरोदरपणाची नोंद होते तीही ‘तायी कार्डा’वर, म्हणजे आईच्या कार्डावर. पाळीचे शब्द दोन्ही भाषांत झाकलेलेच. मराठीत ‘कावळा शिवला’, ‘बाहेरची झाली’; कन्नडमध्ये पाळीला ‘मुट्टु’ म्हणतात आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ शिवणे. दोन्ही भाषांनी स्पर्शावरच बोट ठेवले आहे. पाळी येण्याला विटाळ मानणाऱ्या घरात ती आली नाही तर सुरुवातीला कोणाला खटकत नाही. उलट सणावाराला आली नाही म्हणून बरे वाटते. खटकते ते लग्न ठरताना किंवा लग्नानंतर वर्ष उलटल्यावर. तोवर चार-सहा वर्षे गेलेली असतात. म्हणूनच प्रश्नावलीत ‘पाळी नियमित आहे का?’ एवढे विचारून भागत नाही. ‘होय’ हे उत्तर सहज येते. मागच्या तीन पाळ्या कोणकोणत्या महिन्यात आल्या असे विचारले की खरे बाहेर येते.

बेळगावातील संशोधन

स्त्रीआरोग्यावरच्या संशोधनात बेळगावचे नाव जगभर घेतले जाते, आणि ते सार्थ आहे. केएलई संस्थेची स्थापना १९१६ ची आणि तिचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चे. तिथल्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर जिल्ह्यातल्या खेड्यांत केलेली मिसोप्रोस्टॉल या रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाची चाचणी २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. १,६२० बाळंतिणींच्या या अभ्यासात गावातल्या परिचारिकांनी तोंडावाटे गोळ्या दिल्या आणि बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ वरून ६.४ टक्क्यांवर आले. शीतकपाट नको, सुई नको, अशा औषधाने खेड्यात जीव वाचतो, हे इथल्या बायकांच्या सहभागातून सिद्ध झाले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सहा देशांतल्या सुमारे १२,००० पहिलटकरणींवरच्या अ‍ॅस्पिरिन चाचणीतही बेळगाव होते. कमी मात्रेच्या अ‍ॅस्पिरिनने अकाली प्रसूतीचे प्रमाण १३.१ वरून ११.६ टक्क्यांवर आल्याचे त्यात आढळले.

पण या साऱ्या कामाला एक कड आहे. ज्या आंतरराष्ट्रीय संशोधन-जाळ्याचा बेळगाव भाग आहे, त्याची माता-नवजात नोंदवही गरोदरपणापासून सुरू होते आणि बाळंतपणानंतर ४२ व्या दिवशी थांबते. जिला दिवस गेले तिची नोंद होते. जिची पाळीच चार महिने आली नाही, जिला दिवस राहत नाहीत, ती या वहीत येत नाही. वही चुकीची नाही, ती ज्या प्रश्नासाठी काढली त्याचे उत्तर ती देते. मात्र पीसीओएस असलेल्या बाईची गोष्ट त्या वहीच्या दोन्ही टोकांबाहेर घडते. गर्भारपणात मधुमेह किंवा रक्तदाब होण्याचा धोका तिला जास्त असतो आणि त्याची बीजे आधीच पडलेली असतात. नंतरच्या वर्षांत टाइप २ मधुमेहाचा धोकाही तिलाच अधिक. ‘विमेन फर्स्ट’ ही चाचणी याला एक महत्त्वाचा अपवाद ठरली. बेळगावसह चार देशांतल्या या अभ्यासात काही स्त्रियांना दिवस जाण्याच्या किमान तीन महिने आधीपासून पूरक पोषण देण्यात आले. गर्भारपणाच्या अलीकडे जाऊन बाईकडे पाहण्याची वाट तिने दाखवली. आशाताईंचे तेच जाळे, तीच प्राथमिक केंद्रे १५ ते २५ वयाच्या मुलींसाठी वापरता येतील, असे या नोंदीच्या लेखिकेला ठामपणे वाटते.

उपचार

मूल नको असेल तेव्हा पाळी नियमित करण्यासाठी आणि केस-मुरमांसाठी संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या देतात. अविवाहित मुलीच्या हाती ‘ती’ गोळी पाहून घर हादरते, म्हणून ती कशासाठी आहे हे डॉक्टरांनी आईसमोर सांगणे हाही उपचाराचाच भाग. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध इन्शुलिनला होणारा विरोध कमी करते. मूल हवे असेल तर लेट्रोझोल हे पहिले औषध मानतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७५० स्त्रियांच्या अमेरिकन चाचणीत लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के, तर क्लोमिफेन हे जुने औषध घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले. भारतात मात्र वंध्यत्वासाठी लेट्रोझोल वापरण्यावर २०११ पासून बंदी होती, ती २०१७ मध्ये उठली.

वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के घटले तरी अनेकींची पाळी परत येते. त्यासाठी परका आहार लागत नाही. जोंधळ्याची भाकरी, खानापूरकडची नाचणी, उसळ आणि पालेभाजी हे इथलेच अन्न आहे. ताटातला भाताचा ढीग आणि दिवसातून चार वेळचा गोड चहा हे दोन आधी कमी करावेत. शेतात राबणाऱ्या बाईला ‘व्यायाम करा’ म्हणणे तिला लागते, आणि ते रास्तही नाही. तिच्या बाबतीत झोप, जेवणाची वेळ आणि ताटातले प्रथिन यांबद्दल बोलावे. पाळी ९० दिवसांहून अधिक लांबत असेल तर गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहते आणि पुढे त्यात कर्करोगाचा धोका वाढतो, त्यामुळे ‘येत नाही ते बरेच’ म्हणून सोडून देऊ नये. उदासी आणि चिंता यांचे प्रमाणही या स्त्रियांत जास्त असते, आणि तपासणीत त्याची विचारणा व्हायला हवी.

दवाखान्यात पहिला प्रश्न येतो तो तारखांचा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचा हिशेब जिथे लिहितात, तिथेच कोपऱ्यात पाळीच्या तारखेवर एक टिंब देणाऱ्या मुली आता सीमाभागात आहेत. सहा महिन्यांची ती टिंबे घेऊन आलेल्या मुलीचे निदान करताना डॉक्टरांचे अर्धे काम झालेले असते.