शस्त्रक्रियोत्तर मनःस्थैर्य (द्विध्रुवीय विकारातील)

द्विध्रुवीय (बायपोलर) विकार असलेल्या व्यक्तीला शस्त्रक्रियेनंतर उन्माद (मेनिया, म्हणजे अतिउत्तेजनेची अवस्था) किंवा नैराश्य उलटू नये म्हणून औषधे, पाणी-मीठ, वेदनाशमन आणि झोप यांची केलेली आखणी. भूलतज्ज्ञ, शल्यचिकित्सक आणि मनोविकारतज्ज्ञ या तिघांच्या हद्दीवर हा विषय पडतो; त्यामुळे रुग्णालयात तो बरेचदा कोणाचाच नसतो. जखमेच्या दुखण्याइतकाच वॉर्डाचा दिनक्रम त्रासदायक ठरतो: मध्यरात्रीपासून उपाशी राहणे, चुकलेल्या गोळ्या, रात्रभर जळणारे दिवे.

लिथियम व मीठ : सर्वाधिक जपावे लागते ते लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध घेणाऱ्यांना. लिथियम शरीरातून जवळजवळ पूर्णपणे मूत्रपिंडावाटे बाहेर पडते आणि मूत्रपिंडाला ते सोडियमसारखेच वाटते. उलट्या, जुलाब, रक्तस्राव किंवा उपास यांमुळे पाणी व सोडियम घटले, की मूत्रपिंड सोडियम राखून ठेवू लागते आणि त्यासोबत लिथियमही. देखभालीसाठी रक्तातील पातळी साधारण ०·६ ते ०·८ मिलिमोल प्रतिलिटर ठेवतात. १·५ च्या वर विषबाधेची लक्षणे अपेक्षित असतात. बोटांची बारीक थरथर नेहमीची असते. हात ठळकपणे हलू लागले, जीभ जड झाली, चालताना तोल जाऊ लागला, उलट्या-जुलाब सुरू झाले, तर ‘भूल अजून उतरली नाही’ असे न समजता त्याच दिवशी पातळी तपासावी. एरवी ही तपासणी शेवटच्या मात्रेनंतर १२ तासांनी करतात; विषबाधेच्या शंकेत तेवढे थांबायचे नसते. घरी आल्यावर बिनमिठाची पेज व वरण देण्याची रीत अनेक घरांत आहे. लिथियम घेणाऱ्याच्या बाबतीत ती धोक्याची. मीठ नेहमीएवढेच असावे, कमी नको आणि एकदम जास्तही नको.

हा धोका कसा उमगला, याबाबत मतभेद आहेत. लिथियमच्या आधुनिक वापराचे श्रेय ऑस्ट्रेलियातील मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांच्या १९४९ मधील निबंधाला देतात. तथापि डेन्मार्कमध्ये कार्ल व फ्रेडरिक लांगे या बंधूंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नैराश्यात लिथियम वापरले होते आणि अमेरिकेत विल्यम हॅमंड यांनी १८७१ च्या सुमारास उन्मादात. केड यांच्या प्रयोगातील गिनिपिग शांत झाले ते औषधाच्या गुणाने नव्हे, तर सौम्य विषबाधेने, असे मत पुढे मांडले गेले; ते अधिक पटणारे आहे. केड यांचा पहिला रुग्णही १९५० मध्ये लिथियमच्या विषबाधेने दगावला. अमेरिकेत याच सुमारास हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड विकले जात होते. मृत्यू झाल्यावर १९४९ मध्ये ते बाजारातून काढले गेले. हे रुग्ण सोडियम तोडलेल्या आहारावर होते, हा तपशील शस्त्रक्रियेच्या संदर्भात सर्वांत मोलाचा. रक्तपातळी मोजण्याचा पाया डेन्मार्कच्या मोगेन्स शू यांच्या १९५४ च्या चाचणीआधी, मेलबर्नमध्ये ट्रॉटनर यांच्या कामात घातला गेला, असे दिसते.

थांबवावे की चालू ठेवावे : मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी लिथियम २४ तास आधी थांबवावे आणि लहान शस्त्रक्रियेत पाणी-क्षारांवर लक्ष ठेवून चालू ठेवावे, असे ब्रिटिश औषधसूची सांगते. नेदरलँड्समधील तज्ज्ञांच्या २००६ च्या प्रस्तावात ही मुदत ७२ तासांची आहे. लिथियमचे अर्धायुष्य (शरीरातील प्रमाण निम्मे होण्यास लागणारा वेळ) सुमारे एक दिवस, वृद्धांत त्याहून जास्त. म्हणजे ७२ तासांत ते बरेचसे निघून जाते, पण त्यासोबत आधारही जातो, आणि ते अचानक बंद झाल्यास उन्माद उलटण्याचा धोका असतो. बहुतेकांसाठी २४ तासांचा पक्ष व्यवहार्य वाटतो. रुग्ण तोंडाने पाणी घेऊ लागला, लघवी नीट होऊ लागली आणि रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी तपासणी) व सोडियम ठीक आले, की पूर्वीचीच मात्रा सुरू करतात व ५–७ दिवसांनी पातळी पाहतात. बुडालेली मात्रा भरून काढण्यासाठी दुप्पट गोळ्या घेऊ नयेत. लिथियममुळे स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांचा परिणाम लांबू शकतो, म्हणून भूलतज्ज्ञाला आधी सांगावेच लागते.

अनेक वर्षे लिथियम घेणाऱ्या काहींना दिवसाला तीन लिटरहून अधिक लघवी होते. अशांना उपाशी ठेवले की सोडियम झपाट्याने चढते, आणि सलाईन म्हणून नुसते नॉर्मल सलाईन (मिठाचे पाणी) लावल्यास आणखी चढू शकते.

वेदनाशामके : डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, केटोरोलॅक ही सर्व लिथियमची पातळी वाढवतात. वाढ काही दिवसांत होते, म्हणजे नेमकी डिस्चार्जनंतर. घरी नेण्याच्या चिठ्ठीवर ‘अॅसिक्लोफेनॅक व पॅरासिटॅमॉल’ अशी जोडगोळी सर्रास लिहिली जाते, आणि अॅसिक्लोफेनॅकही याच गटातले. तिच्याऐवजी एकट्या पॅरासिटॅमॉलची गोळी मागून घ्यावी. ट्रॅमाडॉल नैराश्यरोधकांसोबत दिल्यास सेरोटोनिन वाढून ताप, थरथर व झटके येऊ शकतात.

इतर औषधे : व्हॅल्प्रोएट (हेही मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध) सहसा थांबवत नाहीत, मात्र प्लेटलेट व रक्त गोठण्याची तपासणी आधी होते. जखमेच्या संसर्गासाठी मेरोपेनेम हे प्रतिजैविक सुरू केल्यास व्हॅल्प्रोएटची पातळी एक-दोन दिवसांत कोसळते आणि मात्रा वाढवूनही सावरत नाही; दुसरे प्रतिजैविक निवडणे हाच उपाय. लॅमोट्रिजिन हे याच कामाचे औषध पाचएक दिवसांहून जास्त चुकल्यास पूर्वीच्या मात्रेने सुरू करत नाहीत, तर पुन्हा अल्प मात्रेपासून चढवतात, कारण गंभीर पुरळाची भीती असते. ओलान्झापिन या मनोविकारावरील औषधाची जिभेवर विरघळणारी गोळी गिळता न येणाऱ्यांना सोयीची.

झोप व स्टिरॉइड : झोप तुटणे हे उन्मादाचे लक्षणही आहे आणि कारणही. रात्रीच्या तपासण्या शक्य तेथे एकत्र करणे, दिवे मंद ठेवणे, रात्रीची गोळी ठरलेल्या वेळी देणे, एवढ्याने बराच फरक पडतो. १९७२ च्या एका अमेरिकी पाहणीत प्रेडनिसोन या स्टिरॉइडच्या दैनिक ४० मिग्रॅ.पर्यंतच्या मात्रेत १·३ टक्के, तर ८० मिग्रॅ.च्या वर १८·४ टक्के रुग्णांत मानसिक लक्षणे आढळली होती. उलटी थांबवण्यासाठीचा डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा एकच डोस आणि आठवडाभराचा स्टिरॉइडचा कोर्स यांना एका मापाने मोजू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांतील गोंधळ उन्मादच असेल असे नाही. प्रलापात (डिलिरियम) वेळ-स्थळाचे भान जाते, लक्ष टिकत नाही आणि अवस्था तासातासाला बदलते. उन्मादात भान बहुधा शाबूत असते, बोलण्याचा वेग वाढतो आणि दोन तास झोपूनही थकवा जाणवत नाही.

कायदेशीर बाजू : भारतात मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार प्रौढ व्यक्ती आपल्या मानसिक उपचारांबाबत आगाऊ निर्देश लिहून ठेवू शकते व प्रतिनिधी नेमू शकते. त्याची प्रत, औषधांच्या मात्रांसह, भरतीच्या कागदांत जोडणे सोयीचे ठरते.