लॉयथेन टेबलावर मांडताना : ५ डिसेंबर १७५७ ची पार्श्वभूमी

छोटे सैनिक टेबलावर मांडून फासे टाकत जुन्या लढाया खेळण्याच्या छंदात, लॉयथेनच्या लढाईचा सिनॅरिओ (खेळाची सुरुवातीची मांडणी आणि नियम) लिहायला घेतला की बहुतेक जण आधी सैन्याचे आकडे जुळवतात. प्रशियाचे सुमारे ३५ हजार, ऑस्ट्रियाचे ६५ हजारांच्या आसपास. दोन्ही फौजा समोरासमोर लावून फासे टाकले की प्रशिया मार खातो. मग लिहिणारा प्रशियाच्या पलटणींना जादा गुण देऊन तोल सावरतो. माझ्या मते तिथेच लॉयथेन हातची जाते. त्या दिवशीचा निकाल कोणाला काय दिसत होतं यावर लागला, आणि ते उमगायला थोडं मागे जावं लागतं.

भांडणाचं मूळ सायलेशिया, आजच्या पोलंडच्या नैर्ऋत्येचा मुलूख; लॉयथेन गावही त्यातलंच. १७४० मध्ये मारिया थेरेसा ऑस्ट्रियाच्या गादीवर आली न आली तोच प्रशियाचा राजा फ्रेडरिक याने हा सधन प्रांत घशात घातला. ऑस्ट्रियाने तो सल विसरला नाही. पुढच्या काळात सैन्याची, विशेषतः तोफखान्याची, नव्याने घडी बसवली. १७५६ मध्ये सप्तवार्षिक युद्धाला तोंड फुटलं आणि १८ जून १७५७ ला कोलिन इथे ऑस्ट्रियाचा सरदार डाऊन याने फ्रेडरिकला पहिल्यांदा पराभवाची चव दाखवली. ५ नोव्हेंबरला रोसबाखला फ्रेडरिकने फ्रेंचांचा आणि त्यांच्या जर्मन साथीदारांचा धुव्वा उडवला खरा, पण तोवर इकडे सायलेशिया हातातून चालला होता. श्वाइडनिट्झचा किल्ला पडला, २२ नोव्हेंबरला सायलेशियाचं मुख्य शहर ब्रेस्लाउ, त्याच्याबाहेर प्रशियाची दुसरी फौज हरली, पाठोपाठ शहरही गेलं. फ्रेडरिक सॅक्सनीतून पंधरवड्यात सुमारे ३०० किलोमीटर तुडवत आला आणि त्या हरलेल्या फौजेचे उरलेले लोक त्याने आपल्यात घेतले. म्हणजे प्रशियाच्या बाजूला एक विजयी आणि एक खचलेली, अशा दोन फौजा एकत्र आहेत. सगळ्या पलटणींना सारखंच मनोधैर्य देणारा सिनॅरिओ मला म्हणूनच पटत नाही.

ऑस्ट्रियाचा सेनापती लोरेनचा राजपुत्र कार्ल ब्रेस्लाउजवळची भक्कम जागा सोडून पश्चिमेला पुढे आला. ४ डिसेंबरला नॉयमार्क्टमधला त्याच्या फौजेचा भटारखाना प्रशियाने भाकऱ्यांसकट ताब्यात घेतला. शत्रू इतका जवळ आहे हे कळल्यावर कार्ल थांबला आणि उत्तरेला निपर्नपासून दक्षिणेला साग्शुट्झपर्यंत त्याने जवळजवळ ८ किलोमीटर लांबीची फळी उभारली. डाव्या टोकाला सरदार नादाश्दी, त्याच्या हाताखाली वुर्टेम्बर्ग आणि बव्हेरियाच्या पलटणी. उजव्या टोकाला सरदार लुकेसीचं घोडदळ.

पहाटे बोर्ना गावाजवळ प्रशियाच्या बिनीने पुढे ठेवलेलं सॅक्सन घोडदळ उधळून लावलं, आणि ऑस्ट्रियाचे पुढचे डोळेच गेले. आता हल्ला उजवीकडे येणार असं वाटून लुकेसीने मदत मागितली, डाऊनने राखीव फौज तिकडे पाठवली. त्याच वेळी प्रशियाचं मुख्य पायदळ बुटक्या टेकड्यांच्या आडून दक्षिणेला सरकत होतं. शांततेच्या काळात फ्रेडरिकच्या कवायती याच मुलखात झाल्या होत्या. कोणत्या टेकडीआड किती फौज लपते हे त्याला ठाऊक होतं. रांगा दिसेनाशा झाल्या तेव्हा शत्रू निघून चालला, असा ऑस्ट्रियन सेनापतींचा समज झाला. दुपारी एकच्या सुमाराला हल्ला नादाश्दीवर कोसळला. पलटणी एकामागून एक, प्रत्येक आधीच्या पलटणीपेक्षा सुमारे ५० पावलं मागे, अशा तिरक्या पायऱ्यांनी आल्या.

ही चाल टेबलावर कशी उतरवायची? प्रमाण काढून पाहा. ८ किलोमीटरची फळी १८० सेंटिमीटरच्या टेबलावर बसवली तर एका सेंटिमीटरला सुमारे ४५ मीटर पडतात. तीन रांगांत उभी राहिलेली ७०० जणांची पलटण साधारण १४० मीटर रुंद, म्हणजे टेबलावर जेमतेम तीन सेंटिमीटर. खऱ्या टेकड्या या प्रमाणात इतक्या बुटक्या होतात की त्यांच्याआड एक प्यादंही लपत नाही. टेबलावर वाकून उभ्या असलेल्या खेळाडूला तर सगळंच दिसतं. त्यामुळे दडून केलेली कूच नियमांनीच घडवावी लागते: पंचाकडे गुपचूप दिलेले नकाशे, सैनिकांऐवजी ठेवलेल्या चकत्या, त्यातल्या काही नुसत्या हूल देणाऱ्या, आणि ऑस्ट्रियाची राखीव फौज कुठे जाणार याचा लेखी हुकूम चकत्या उघड होण्याआधीच.

पंच आणि दडवलेल्या हालचाली ही पद्धत या छंदात नवी नाही. १७८० मध्ये ब्राउनश्वाइगच्या हेल्विगने बुद्धिबळाच्या धर्तीवर युद्धाचा खेळ रचला, त्यात दोन्ही फौजा पटावर उघड होत्या. १८२४ मध्ये प्रशियाचा तोफखान्यातला तरुण अधिकारी राइसविट्झ याने चौकटी टाकून नकाशा घेतला आणि मध्ये पंच बसवला. समोरच्याला जेवढं दिसायला हवं तेवढंच पंच दाखवायचा. लॉयथेनसाठी मला हाच धागा जास्त जवळचा वाटतो. पंचाविना खेळायचंच असेल तर ऑस्ट्रियाच्या राखीव फौजेची पहिली चाल ठरवूनच द्यावी, खेळाडूच्या हाती सोडू नये.

पुढची लढत मात्र खेळाडूंवर सोडायला हरकत नाही. डावी बगल मोडल्यावर ऑस्ट्रियाने फळी वळवून लॉयथेन गावाभोवती दाट गर्दी केली. चर्चच्या आवारासाठी हातघाई झाली. संध्याकाळच्या सुमाराला लुकेसीच्या घोडदळाने प्रशियाच्या बगलेवर झेप घेतली, आणि प्रशियाच्या ड्रीझेनच्या दबा धरून बसलेल्या घोडदळाने त्यालाच बगलेत गाठलं. लुकेसी तिथेच पडला.

डिसेंबरात तिथे चारच्या सुमाराला अंधारतं. वीस मिनिटांची एक फेरी धरली तर दुपारी एकपासून अंधारापर्यंत नऊ-दहा फेऱ्याच मिळतात, आणि सिनॅरिओचा खरा ताण त्यात आहे. ऑस्ट्रियाने सुमारे २२ हजार माणसं गमावली, त्यातली १२ हजारांवर कैदी; प्रशियाची सहा हजारांहून थोडी अधिक. २० डिसेंबरला ब्रेस्लाउही शरण आलं. म्हणून नुसतं गाव घेतल्याचे गुण प्रशियाला फार देऊ नयेत. अंधार पडायच्या आत मागे ब्रेस्लाउच्या वाटेवरच्या लिसा गावाच्या पुलाकडे ऑस्ट्रियाच्या किती पलटणी शाबूत पोचल्या, त्यावर निकाल लावावा.